हुं म्हण : अजिंठा, वेरूळ, पैठण, नेवासे

दिवस पहिला, शुक्रवार

आधीच सांगते, ही ट्रिप माझ्या डोक्यातली नव्हती. बाबा जाऊन दीड वर्ष झालं आणि आई त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही, मीही नाही. मी कामाला लागले. व्यवसायाने अकाउंटंट, त्यामुळे मृत्यूचे दाखले, नॉमिनी, पेन्शन, एफडी, लॉकर सगळं एका एक्सेल शीटमध्ये घातलं आणि वर्षभर ती शीट भरत बसले. रात्री झोप यायची नाही म्हणून कानात तत्त्वज्ञान. स्टोइक म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांवरची लेक्चर्स, गीतेवरची प्रवचनं, उपनिषदं, सगळं दीडपट स्पीडने, कारण ऐकायचं खूप राहिलेलं. वाक्यं पाठ झाली. जे आपल्या हातात नाही त्याला कवटाळू नये वगैरे. पटायचं पण सगळं. सकाळी उठलं की छातीवरचा दगड जिथल्या तिथे.

मग डिसेंबरात एक दिवस आई भाजी निवडता निवडता म्हणाली, मला एकदा अजिंठा बघायचाय, गुडघे आहेत तोवर. आई एकाहत्तरची आहे. तिने स्वतःसाठी काही मागितलंय असं मला आठवतच नाही, म्हणून लगेच हो म्हटलं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, त्यामुळे शुक्रवारी निघून शनिवार-रविवारात दोन्ही उरकायची आणि मग तिच्या यादीतलं पैठण आणि नेवासे. ड्रायव्हरसकट गाडी केली. पोरगा पंचविशीचा, शिरूर यायच्या आत आईला मावशी आणि मला ताई म्हणायला लागला.

आता आईच्या गोष्टींबद्दल. लहानपणी लाइट गेले की ती गोष्ट सांगायची आणि तिचा नियम एकच, ऐकणाऱ्याने हुं म्हणायचं. हुं थांबला की गोष्ट तिथेच थांबली, मग कितीही रडा. नगर सोडताना राहुरीची पाटी दिसली आणि तिने सुरुवात केली, की देव-दानवांना अमृत वाटायला विष्णू मोहिनी झाला ते नेवाशात, आणि राहू गुपचूप देवांच्या पंगतीत बसला, सूर्य-चंद्राने चहाडी केली, चक्राने मुंडकं उडालं, शिर पडलं ते राहुरी आणि काया पडली ते कायगाव. माझ्या कानात इअरफोन. मांडीवर चापट बसली. "हुं म्हण ना गं."

ड्रायव्हरने विचारलं, मग मेला का तो?

"मरतोय कसला. अमृत घशापर्यंत पोचलं होतं ना. मुंडकं अमर झालं. अजून सूर्य गिळतं, पण पोटच नाही, मानेतून बाहेर येतो."

मी इअरफोन काढून पर्समध्ये टाकले. घशापर्यंत अमृत आणि खाली पोट नाही. वर्षभर दीडपट स्पीडने मी दुसरं काय करत होते.

कायगाव टोक्याच्या पुलावर गोदावरी बघितली, नेवासे येताना करू म्हणून फाटा सोडून आलोच होतो. अंधार पडता पडता संभाजीनगर. बाकी दिवसात सांगण्यासारखं काही नाही.

दिवस दुसरा, शनिवार

सकाळी सातला निघालो. शंभरेक किलोमीटर, मग फर्दापूरच्या टी-पॉइंटला आपली गाडी सोडायची आणि शटल बसने शेवटचे चार किलोमीटर. पायऱ्या पाहून आईने डोलीवाल्यांकडे एक नजर टाकली, "एवढी काही गेलेली नाहीये मी" म्हणाली आणि चढायला लागली. दर वीस पायऱ्यांनी थांबायची आणि थांबल्यावर दम लागलाय असं न दाखवता खालची वाघूर नदी बघायची. नदीने घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलंय आणि त्या वळणाच्या कड्यात तीसेक लेणी. सगळ्यात जुनी सातवाहनांच्या काळातली, इसवी सनाच्याही आधीची, आणि रंगांनी भरलेली बरीचशी पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळची. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीसाठी इथे आला, त्याला हे दिसलं आणि दहाव्या लेण्यात तो स्वतःचं नाव कोरून गेला. आपल्या पोरांना आपण उगाच नावं ठेवतो.

चप्पल काढून पहिल्या लेण्यात शिरलं की आधी काहीच दिसत नाही. आपण घाईत असतो, डोळे घाईत नसतात. दोन-तीन मिनिटांनी भिंतीतून माणसं बाहेर यायला लागतात. सगळी गर्दी पद्मपाणीसमोर होती, तो आहेच तसा, हातात कमळ आणि डोळे खाली, जणू सगळं ऐकून घेतोय आणि मध्ये बोलायचं नाही असं ठरवलंय. आई मात्र डाव्या भिंतीकडे. तिथे महाजनक जातक आहे, जातक म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्माची गोष्ट. गाइडने टॉर्च फिरवत सांगितलं की हा राजा राज्य सोडून निघालाय, आणि ही त्याची राणी, नाचगाण्यात त्याला गुंतवायला बघतेय. आई म्हणाली, "मग राणीचं काय झालं?" गाइड म्हणाला, ती बरीच लांब त्याच्यामागे चालत गेली. आईने मान हलवली.

सोळाव्या लेण्यात आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. तिथे एक चित्र आहे, त्याला इंग्रजांच्या वेळेपासून 'मरणासन्न राजकन्या' म्हणतात, पण ती मरत नाहीये. ती सुंदरी, नंदाची बायको. नंद म्हणजे बुद्धाचा सावत्र भाऊ. बुद्ध भिक्षेला आला, नंद त्याचं भिक्षापात्र हातात घेऊन सोडायला म्हणून मागे गेला आणि मोठ्या भावाला नाही म्हणता येईना म्हणून थेट विहारात जाऊन मुंडण करून बसला. अश्वघोषाच्या काव्यात हे फार सुंदर आलंय. नंद निघतो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंगाने नक्षी काढणं चाललेलं असतं आणि ती त्याला म्हणते, ही ओली आहे तोवर परत ये. चित्रात ती मंचकावर मागे रेललीये, मान कलंडलेली, डोळे अर्धवट, एक दासी पाठीमागून सावरतेय, एक वारा घालतेय. आणि जरा बाजूला एक माणूस उभा आहे, हातात नंदाचा मुकुट घेऊन. तोच निरोप.

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सकाळपासून हा दुसरा नवरा घर सोडून चाललाय."

मला हसू आलं, गाइडलाही. तिने त्या मुकुटवाल्याकडे बोट केलं. "याच्याकडे कुणी बघत नाही बघ. याला काय वाटलं असेल हातात ते घेऊन येताना?"

मला एकदम पोटात कसंतरी झालं. कारण हॉस्पिटलमधून घरी मी आले होते, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बाबांचा चष्मा आणि घड्याळ घेऊन. आईने दार उघडलं आणि तिने माझ्याकडे नाही, पिशवीकडे बघितलं. आम्ही दोघी त्यावर कधीच बोललो नव्हतो, आणि आत्ताही बोललो नाही, गाइड पुढच्या लेण्यात बोलवत होता.

सतरावं लेणं म्हणजे गोष्टींचं कोठारच. विश्वंतर जातक इथे मोठ्ठं आहे, दानशूर राजपुत्र, हत्ती देतो, रथ देतो आणि शेवटी मागायला आलेल्या म्हाताऱ्या ब्राह्मणाला स्वतःची दोन मुलंही देऊन टाकतो. स्पष्ट सांगते, मला ही गोष्ट आवडत नाही, दानाचं माहात्म्य कितीही समजावलं तरी त्या मुलांना कुणी विचारलं होतं का? पण आवडली नाही तरी सोडत नाही, दिवसभर डोक्यात होती. काही गोष्टी भांडण्यासाठीच असाव्यात.

याच लेण्यात आईला तिची गोष्ट मिळाली. मातृपोषक जातक. एक पांढरा हत्ती जंगलात आपल्या आंधळ्या आईला सांभाळतोय, वाट चुकलेल्या एका माणसाला तो बाहेर सोडतो आणि तोच माणूस राजाला पत्ता सांगतो. हत्ती पकडून आणतात, मोठ्या थाटात ठेवतात, पण तो खायलाच तयार नाही. राजा विचारतो तेव्हा म्हणतो, माझी आई तिकडे उपाशी आहे. राजा सोडून देतो. जंगलात परतल्यावर तो आधी तळ्यातून सोंडेत पाणी भरून घेतो आणि आईच्या अंगावर उडवतो, आणि तिला तर दिसत नाही, ती म्हणते, हा कोण मेला अवेळी पाऊस पाडतोय, इथे माझं पोर हरवलंय आणि याला पावसाचं सुचतंय!

आई इतकी खूश झाली की शटलमध्ये, गाडीत, रात्री लॉजवर, तीनदा तिने ही गोष्ट सांगितली, तिसऱ्यांदा हत्तीणीच्या तोंडी अस्सल सासवडच्या शिव्या होत्या. ड्रायव्हर हसून हसून स्टिअरिंगवर हात आपटत होता.

हां, आणि सव्विसावं लेणं. तिथे बुद्धाचं महापरिनिर्वाण कोरलंय, जवळजवळ सात मीटर लांब आडवी मूर्ती. वरच्या बाजूला स्वर्गातले लोक वाद्यं वाजवतायत आणि खाली शिष्य रडतायत. एकाच भिंतीवर. ज्यांनी आयुष्यभर 'सगळं नश्वर आहे' हेच ऐकलं, पाठ केलं, शिकवलं, तेच खाली ओळीने बसून रडतायत आणि कोरणाऱ्याने ते लपवलेलं नाही. मला वर्षभरात इतकं हलकं वाटलं नव्हतं.

दिवस तिसरा, रविवार

रविवारी वेरूळला जाऊ नये. एवढंच सांगून खरं तर थांबायला हवं, पण आधी देवगिरी.

किल्ला चढायचा प्रश्नच नव्हता. खाली दरवाज्याशी सावलीत बसलो. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी या किल्ल्याचे किल्लेदार. त्यांच्याकडे हिशोबाचं काम नाथांकडे असायचं, आणि एका रात्री हिशोबात एका पैची चूक लागेना. सगळे झोपले, हा दिवा लावून वह्या उलगडत बसला. पहाटेच्या सुमाराला चूक सापडली आणि नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. जनार्दनस्वामी मागेच उभे होते. म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, जन्माची चूक सापडली तर केवढा होईल.

गोष्ट मला लहानपणापासून माहितीये, त्यात काही नवीन नाही. पण आईने 'टाळी वाजवली'वर आल्यावर माझ्याकडे बघितलं. आणि मला आठवलं. बाबा गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात, त्यांच्या पासबुकात तीनशे चाळीस रुपयांचा फरक येत होता आणि मी चार रात्री त्याच्यामागे होते. चौथ्या रात्री दोनला तो सापडला, लॉकरचं भाडं आणि त्यावरचा टॅक्स दोन वेगळ्या तारखांना पडला होता. सगळं टॅली झालं आणि मी हॉलमध्ये, बाबांच्या फोटोखाली बसून, अक्षरशः टाळी वाजवली. आई पाणी प्यायला उठली होती. दारात उभी राहून बघितलं आणि परत जाऊन झोपली. तेव्हा काही म्हणाली नाही. सव्वा वर्षाने देवगिरीच्या पायथ्याशी दुसऱ्याच माणसाची गोष्ट सांगून म्हणाली.

"मग त्यांनी नोकरी सोडली?" ड्रायव्हर.

"नाही रे. हिशोब पूर्ण केला."

हे मला माहीत नव्हतं. हे गोष्टीत असतं का आईने घातलं कुणास ठाऊक. मी विचारलं नाही, मला ते हवं होतं.

वेरूळ. चौतीस लेणी, बारा बौद्ध, सतरा हिंदू, पाच जैन, एका रांगेत, आणि आम्ही बघितली मोजून चार, कारण कैलासातच तीन तास गेले. आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात हे काम झालं, आख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलाय. आधी कळस, मग शिखर, मग सभामंडप, सगळ्यात शेवटी पाया. आपण घर बांधतो त्याच्या बरोब्बर उलटं. याची एक गोष्ट आहे, कृष्ण याज्ञवल्कीच्या कथाकल्पतरूत आलेली. राजा आजारी, राणीने नवस केला की राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि त्याचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. आता देऊळ बांधायला वर्षं लागणार, राणी तर उपाशी. कारागीर हात टेकतात. मग पैठणचा कोकस नावाचा शिल्पी येतो आणि म्हणतो, मी आठवड्यात कळस दाखवतो, आणि डोंगराच्या माथ्यावरून सुरुवात करतो.

मला ही गोष्ट इतिहास म्हणून खरी वाटत नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही. कुठल्या पुस्तकात वाचलं असतं की 'उत्खनन ऊर्ध्व दिशेकडून' तर मी विसरले असते. माणूस उपाशी आहे, त्याला आधी कळस दाखव, पाया नंतर बघू, हे कसं विसरणार. मला वर्षभर जो तो पाया घालायला सांगत होता.

देवळाच्या जोत्यावर एका बाजूला रामायण, दुसऱ्या बाजूला महाभारत, पट्ट्यापट्ट्यांत कोरलेलं. आजची पोरं मोबाइलवर जसं बोटाने वर सरकवतात तसं ते डोळ्याने वाचायचं. तिथून पुढे दक्षिणेला रावण कैलास हलवतोय ते प्रसिद्ध शिल्प. खाली वीस हातांचा रावण डोंगराला भिडलाय, वर पार्वती दचकून शंकराच्या दंडाला धरतेय आणि शंकर निवांत, नुसता अंगठा दाबतोय. मी आईला माझं ज्ञान द्यायला लागले. बघ, हे खरं स्थितप्रज्ञ, खाली एवढी उलथापालथ आणि वर हा ढिम्म, सगळं तत्त्वज्ञान एका अंगठ्यात आहे, मला अगदी असंच व्हायचंय. बरीच बोलले मी.

आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि ती?"

पार्वतीच्या मागे एक दासी आहे. पाठ आपल्याकडे करून ती पळत सुटलीये. मी हे शिल्प फोटोत शंभरदा पाहिलंय आणि मला ती कधी दिसली नव्हती.

"सगळेच शंकर झाले तर भूकंप झालाय हे सांगणार कोण? मी तर पळाले असते बाई."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात यायला लागलं की ही दोन दिवस प्रत्येक चित्रात कुठे जाऊन उभी राहते. मी सरळ मधल्या माणसाकडे जाते, राजा, बुद्ध, शंकर, म्हणजे उत्तर जिथे असेल तिथे. ही कडेला जाते. मुकुट धरणारा, पळणारी, मागे चालत जाणारी राणी. आणि गोष्ट मग तिला तिथे घेते.

अंगठ्याखाली दबलेला रावण पुढे काय करतो तेही तिनेच सांगितलं, हजार वर्षं ओरडतो आणि मग स्वतःच्या शिरा काढून त्यांची वीणा करतो आणि गातो, तेव्हा सुटका. ओरडण्याचं गाणं व्हायला हजार वर्षं. दीड वर्ष म्हणजे काहीच नाही.

संध्याकाळी घृष्णेश्वर. सध्याचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं, लाल दगडाचं, रांग दीड तासाची. रांगेत आईने घुश्मेची गोष्ट सांगितली. सुदेहाला मूल नाही, तीच आपल्या धाकट्या बहिणीला, घुश्मेला, सवत म्हणून आणते, घुश्मेला मुलगा होतो आणि सुदेहा जळून जळून एका रात्री त्या मुलाला मारते आणि तळ्यात टाकते, ज्या तळ्यात घुश्मा रोज पार्थिव लिंगं विसर्जन करायची. घुश्मा दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी पूजा करून तळ्यावर जाते आणि मुलगा पाण्यातून चालत येतो. "संपली," आई म्हणाली.

संपत नाही ती तिथे. शंकर सुदेहाला मारायला निघतो आणि घुश्मा म्हणते, तिला माफ कर, माझी बहीण आहे ती. लहानपणी आई हा शेवट अगदी रंगवून सांगायची. तिची स्वतःची धाकटी बहीण, माझी मावशी, आमच्याकडे बाबा गेल्यावरही आली नाही, आठ वर्षांपूर्वीच्या जमिनीच्या भांडणापासून बोलणं बंद आहे. मी हुं म्हटलं आणि रांग पुढे सरकली.

दिवस चौथा, सोमवार

पैठण. मला वाटलं होतं हा दिवस सगळ्यात भारी जाणार, पण आदल्या दिवशीच्या पायपिटीने दोघींचे पाय सुजलेले आणि मी चिडचिडी झालेले. प्रतिष्ठान म्हणजे सातवाहनांची राजधानी, असं डोक्यात घेऊन गेलं की गावात शिरल्यावर जरा हिरमोड होतो. अपेक्षा घरी ठेवून जावं.

नाथांचा वाडा, आता देऊळच आहे. तिथे तो रांजण. विठ्ठल श्रीखंड्या होऊन बारा वर्षं नाथांच्या घरी पाणी भरत होता, त्याचा. नाथषष्ठीला तो भरतात आणि लोक सांगतात की कुणाच्या तरी घागरीने तो अचानक भरतो, तो देव. एक बाई आपल्या छोट्या मुलाला हे सांगत होती आणि मुलगा म्हणाला, मग देवाला पगार किती होता? चांगला प्रश्न आहे. बाईने फटका दिला.

नाथांबद्दल मला एक गोष्ट कायम वाटते, की वेदांत सांगायचा तर त्यांनी तो कुणाकुणाच्या तोंडी दिला. जोशी, गोंधळी, फकीर, वासुदेव. भारुडात बाई विंचू चावल्याची नाचून नाचून तक्रार करते, पब्लिक हसतं आणि मग कळतं की विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि तोवर तो आपल्यालाही चावलेला असतो. 'क्रोधावर नियंत्रण कसे मिळवावे' यावरची माझी तीन तासांची लेक्चर सिरीज एकीकडे आणि ठणाठणा नाचणारी ती बाई एकीकडे. कोण लक्षात राहतं?

दुपारी घाटावर गेलो. १५९९ मध्ये नाथांनी गोदावरीत जलसमाधी घेतली ते हे पात्र, आता वर जायकवाडीचं धरण. पायरीवर दोन गाढवं उभी होती, खरंच, आणि आईला तर विषयच मिळाला. काशीहून रामेश्वराला गंगेची कावड घेऊन निघालेले लोक, वाळवंटात तडफडणारं गाढव, आणि नाथांनी ती सगळी गंगा त्याच्या तोंडात ओतली ती गोष्ट. ड्रायव्हर म्हणाला, मावशी, एवढ्या लांबून आणलेली. बाकीचे चिडले असतील.

"चिडणारच. पण एक सांग, तो परत काशीला गेला असेल का दुसरी कावड आणायला?"

त्यावर गाढवांसमोर बसून आमची अर्धा तास चर्चा झाली. ड्रायव्हरचं म्हणणं जायची गरज नाही, पोचलं तिथेच रामेश्वर. आईचं म्हणणं, गेला असेल, नवस तो नवस. मी कुणाच्याच बाजूने नव्हते. मी सोबतच्या त्या दुसऱ्या यात्रेकरूचा विचार करत होते, ज्याने आपली कावड ओतली नाही आणि नाथांची रिकामी बघत बघत पुढे रामेश्वरापर्यंत चालत गेला. कडेला उभं राहायची सवय लागते.

नागघाट बघितला, जिथे ज्ञानेश्वरांनी रेड्याकडून वेद म्हणवले म्हणतात. आईचा गुडघा संपला होता. लवकर झोपलो.

दिवस पाचवा, मंगळवार

नेवासे मला नको होतं, हे आता लिहायला हरकत नाही. पसायदान वगैरे सगळं ठीक, ज्ञानेश्वरीबद्दल मी काय बोलणार, शके १२१२ म्हणजे १२९० साली, पंधराव्या-सोळाव्या वर्षी एक मुलगा गीतेच्या सातशे श्लोकांवर मराठीत नऊ हजारांच्या आसपास ओव्या सांगतो, पुढे बोलायला काही राहतच नाही. मला भीती वेगळीच होती. नेवाशाची गोष्ट.

ज्ञानेश्वर भावंडांसोबत नेवाशात शिरत होते आणि समोरून प्रेतयात्रा येत होती. सोबत सती जायला निघालेली बायको. तिने वाटेत या मुलाला नमस्कार केला आणि याच्या तोंडून गेलं, अखंड सौभाग्यवती भव. मग कळलं की तिरडीवर तिचाच नवरा आहे. मग ज्ञानेश्वरांनी त्याला उठवलं. तो सच्चिदानंदबाबा, पुढे ज्ञानेश्वरीचा लेखक, म्हणजे हे सांगायचे आणि तो लिहून घ्यायचा.

आईने ही गोष्ट मला लहानपणी इतक्यांदा सांगितली होती की मला तिरडीच्या बांबूचा आवाज यायचा. आणि आता तिला घेऊन त्याच जागी जायचं, जिथे एकीचा नवरा उठला. फाट्यावर मी म्हणून पण बघितलं, गुडघा दुखतोय तर थेट पुण्याला जाऊया का. ती म्हणाली, मोहिनीराजाचं देऊळ राहिलं तरी चालेल, खांब बघायचा.

मंगळवारची सकाळ, देवळात चार माणसं. पैस म्हणतात त्या खांबाला. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी सांगितलं अशी श्रद्धा. साधा दगडी खांब, देऊळ नंतर त्याच्याभोवती उभं राहिलंय. हात लावून गुळगुळीत झालेला. त्यावर शिलालेख आहे आणि माझ्यातल्या अकाउंटंटला तो वाचून (म्हणजे बाहेर लिहिलेलं वाचून, लेख मला कुठला वाचता येतोय) फार बरं वाटलं, कारण ती एक नोंद आहे. करवीरेश्वराच्या देवळात दिवा जळता राहावा म्हणून तेलासाठी दिलेल्या दानाची. जमा-खर्चच की. त्याला टेकून ते सगळं सांगितलं गेलं.

आई खांबाशी बसली. डोकं टेकवलं, हात टेकवले. मी तिच्यापासून चार हातांवर, काही झालं तर म्हणून तयारीत. एक आजोबा कोपऱ्यात वाचत होते, त्यांचा आवाज तेवढा. बराच वेळ गेला आणि मग आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो उठला आणि लगेच लिहायला बसला म्हणे."

"हुं."

"तुझे बाबा उठले असते तर आधी चष्मा शोधला असता."

मला काय झालं मला कळलं नाही, मी फस्सकन हसले, देवळात, आणि मग ती हसायला लागली, पदर तोंडाला लावून, खांदे हलत होते, आणि मधेच कधीतरी ते हसणं राहिलं नाही. आजोबांनी वाचायचं थांबवून एकदा बघितलं आणि परत वाचायला लागले. बोट ओवीवरून हललं नव्हतं.

चष्मा माझ्याकडे आहे हे मी तिला तेव्हा सांगितलं. पिशवीसकट, कपाटात, एक्सेल शीटमध्ये ज्याची एंट्री नाही असं तेवढंच. म्हणाली, माहितीये मला, मी पुसून ठेवते कधी कधी.

नगरपर्यंत दोघी गप्प. ऊन कडक झालं होतं, ड्रायव्हरने काचा वर केल्या. सुप्याच्या आसपास आईने पाण्याची बाटली बंद केली, पायाशी ठेवली आणि गोष्टीला सुरुवात करते त्याच आवाजात म्हणाली, "त्या दिवशी सकाळी ते निघाले ना, तेव्हा मी कणीक मळत होते."

माझा घसा बंद झाला होता.

"आलोच म्हणाले. पायऱ्या उतरताना नेहमी एकदा वर बघायचे. माझे हात कणकेचे, म्हणून मी दारापर्यंत गेले नाही."

ती थांबली. मी खिडकीबाहेर बघत होते, मला ते म्हणता येत नव्हतं, आणि ती थांबून राहिली होती, नियम म्हणजे नियम. मग पुढच्या सीटवरून, रस्त्यावरची नजर न काढता, ड्रायव्हर म्हणाला,

"हुं."